भंगारात घालण्याआधी एकदा डीआयआर मारा



गेल्या सेमिस्टरची गोष्ट. एसओएम लॅबमध्ये टेन्साइल टेस्टचं प्रॅक्टिकल होतं. माइल्ड स्टीलचा रॉड मशीनच्या जबड्यात अडकवून झाला, आमची अख्खी बॅच जर्नल उघडून उभी राहिली आणि मशीनला जोडलेला तो पिवळट पडलेला कॉम्प्युटर चालूच होईना. काळ्या स्क्रीनवर दोन ओळींचं रडगाणं आणि खाली नुसता ब्लिंक होणारा कर्सर. कॉम्प्युटर ब्रँचचे दोन हुशार मित्र बोलावले. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि एकमताने निकाल दिला, "हे मेलंय. नवीन घ्या."

मग लॅबचे मामा आले. त्यांनी कॅबिनेटचं झाकण उघडलं, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल काढून नवा घातला आणि सेटअपमध्ये शिरले. कॅबिनेटच्या बाजूला एक स्टिकर होता. त्यावर बॉलपेनने तीन आकडे लिहिलेले : हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर. ते आकडे मामांनी भरले, सेव्ह केलं. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर सी:\> आलं. मामा म्हणाले, "अरे, मशीन बिघडलं नव्हतं. त्याला विसर पडला होता. कुणीतरी आठवण करून द्यायला पाहिजे ना!"

आमचं प्रॅक्टिकल झालं, रॉड तुटला, ग्राफ आला, सबमिशन वाचलं. पण मामांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण मामा येत्या मे महिन्यात रिटायर होणार आहेत, आणि जुन्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर भंगारात काढायची यादी ऑफिसात तयार आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधीच सांगतो, मी डॉसचा भक्त नाही. माझा जन्म झाला तेव्हा डॉस म्हातारा झाला होता. १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्याबरोबर हा आला. मूळचा तो सिॲटलमधल्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन या इंजिनीअरने लिहिलेला. मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीतच आहे. १९९४ ची ६.२२ ही एमएस-डॉसची स्वतंत्रपणे विकली गेलेली शेवटची आवृत्ती. म्हणजे आजच्या एफ.ई.च्या मुलांच्या दृष्टीने हे शिवकालीन प्रकरण!

पण त्या प्रॅक्टिकलनंतर मी मामांच्या मागे लागलो. रोज दुपारी चहा झाला की अर्धा तास त्या मशीनवर बसायचं. पहिल्या दिवशी डीआयआर. दुसऱ्या दिवशी 'कॉपी कॉन' लिहून की-बोर्डवरून थेट फाइल बनवायची आणि शेवटी कंट्रोल-झेड मारायचं. तेव्हा एक जुनं कोडं सुटलं. २००० च्या दशकात एक ई-मेल खूप फिरायची म्हणे, की 'कॉन' नावाचं फोल्डर विंडोजमध्ये बनत नाही, एका भारतीयाने हे शोधून काढलंय, आणि मायक्रोसॉफ्टलासुद्धा उत्तर सापडत नाही. उत्तर अगदी साधं आहे. कॉन म्हणजे कन्सोल, अर्थात की-बोर्ड आणि स्क्रीन. डॉसने ते नाव उपकरणासाठी राखून ठेवलं होतं, आणि विंडोजने घराबरोबर ते कुलूपही वारशात घेतलं. तुमच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क 'सी' का असते, 'ए' का नाही, याचंही उत्तर तिथेच आहे. ए आणि बी या फ्लॉपीच्या जागा होत्या. फ्लॉपी गेल्या, पण त्यांच्या खुर्च्या अजून रिकाम्याच ठेवल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी मामांनी डीबग दाखवलं आणि मी खरा अडकलो. डीबगमध्ये 'ए १००' टाइप करायचं आणि चार ओळी लिहायच्या : एएचमध्ये २, डीएलमध्ये ४१, इंटरप्ट २१, इंटरप्ट २०. मग 'जी' मारलं की स्क्रीनवर इंग्रजीतलं पहिलं कॅपिटल अक्षर उमटतं. बस्स. या प्रोग्रॅमचे बाइट मी वहीत लिहून घेतले : बी४ ०२ बी२ ४१ सीडी २१ सीडी २०. एकूण आठ. हेच काम करणारा सी प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर कंपाइल केला तर फाइल काही हजार बाइटची होते, आणि त्यातल्या एकाही बाइटची माझी ओळख नसते.

मायक्रोप्रोसेसरच्या ओरलला आपण सगळे पोपटासारखं म्हणतो, "सर, इंटरप्ट व्हेक्टर टेबल शून्य ॲड्रेसपासून सुरू होतं, २५६ एंट्री, प्रत्येकी ४ बाइट." मी पण म्हटलं होतं, मार्कही मिळाले होते. पण २१ हेक्स म्हणजे ३३, ३३ चोक १३२, आणि मेमरीतल्या १३२ व्या ॲड्रेसवर डीबगमधून डोकावलं तर डॉसचा दरवाजा खरंच तिथे लिहिलेला दिसतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. पाठ केलेली गोष्ट डोळ्यांनी दिसणं वेगळंच असतं.

तीच गोष्ट सेगमेंट-ऑफसेटची. ८०८६ चे रजिस्टर १६ बिटचे आणि ॲड्रेस लाइन २०. म्हणून सेगमेंटला १६ ने गुणायचं, ऑफसेट मिळवायचा, की १ एमबीपर्यंत कुठेही पोचता येतं. त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि वरचे ३८४ केबी स्क्रीन, बायॉस वगैरे मंडळींसाठी. रंगीत टेक्स्ट स्क्रीन बी८०० या सेगमेंटला राहते. ८० कॉलम, २५ ओळी, प्रत्येक अक्षराला २ बाइट : एक अक्षराचा, एक रंगाचा. झाले ४००० बाइट. तिथे एक बाइट लिहा, डाव्या कोपऱ्यात अक्षर दिसतं. पुढचा बदला, रंग पालटतो. मधे कोणी नाही. ना ड्रायव्हर, ना परवानगी. आजच्या लॅपटॉपवर असा आगाऊपणा केलात तर ऑपरेटिंग सिस्टिम तुमचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे मारून टाकते, आणि ते योग्यच आहे. पण ती नेमकं काय थांबवते हे कळायला, जिथे काहीच थांबवलं जात नाही अशा जागी एकदा तरी जाऊन यावं लागतं. मी चुकीच्या ॲड्रेसवर लिहून ते मशीन दिवसातून दहादा हँग केलं. मामा शांतपणे रिसेट दाबायचे. मेमरी प्रोटेक्शन म्हणजे काय, हे मला त्या रिसेट बटणाने शिकवलं.

आता इथे काही वाचक खूश झाले असतील : चला, म्हणजे टर्बो सी चांगलं! थांबा. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे.

डॉस कोपऱ्यातल्या टेबलावर राहावा, पण एफ.ई.च्या प्रोग्रॅमिंग लॅबमधून टर्बो सी उद्याच्या उद्या जावं. त्या निळ्या स्क्रीनवर आपण जी भाषा शिकतो ती सी++ चं १९९८ चं स्टँडर्ड येण्याआधीची आहे. 'व्हॉइड मेन', 'क्लिअर स्क्रीन', 'गेटच' या सवयी घेऊन आपण बाहेर पडतो आणि इंटरव्ह्यूमध्ये पहिल्या पाच मिनिटांत पकडले जातो. त्यात गंमत बघा. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळ्यांनी केलाय. टर्बो सीमध्ये ७ चं उत्तर ५०४० बरोबर येतं, आणि ८ टाकलं की ४०३२० ऐवजी उणे २५२१६! कारण तिथे इंटिजर १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरतो. हे 'का' होतं यावर एक सुंदर तास होऊ शकला असता. आमच्या वर्गात काय झालं? "आठ टाकू नका, पाचच टाका, एक्स्टर्नल तेवढंच बघतो." असो.

म्हणजे बघा, एकच जुनी वस्तू दोन प्रकारे वापरता येते. सिलॅबस बदलायचा कंटाळा म्हणून वापरली तर ती बेडी. आत काय चाललंय ते बघायला वापरली तर ती खिडकी. आपल्याकडे बेडी चालू आहे आणि खिडकी भंगारात चालली आहे.

आमच्या रूमवर या विषयावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. माझा रूम पार्टनर म्हणाला, "अरे, आता एआय कोड लिहितो. तू काय आठ बाइट मोजत बसलायस!" त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. नोकरीच्या जाहिरातीत डॉस मागत नाहीत. डॉसमध्ये एका वेळी एकच काम चालतं, सुरक्षितता नावाला नाही, आणि असलं मशीन कॉलेजच्या नेटवर्कला जोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. व्हायरसचा इतिहास तर आपल्या घरचाच आहे. १९९० साली भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडवून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही! त्याच दशकात पुण्यात डॉससाठी अँटिव्हायरस लिहायला सुरुवात झाली आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. देवनागरीचंही तसंच. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं दिसू लागली होती. अपुऱ्या यंत्रावर माणसांनी आपापली गरज भागवली, ती आतली रचना माहीत होती म्हणून.

आणि पार्टनरला माझं उत्तर एवढंच : उद्या ते टेस्टिंग मशीन पुन्हा अडलं तर एआय स्टिकरवरचे आकडे कुठून आणणार? त्या मशीनचं कार्ड जुन्या आयएसए स्लॉटमध्ये बसतं. आजच्या मदरबोर्डवर तो स्लॉट मिळत नाही. बऱ्याच नव्या कॉम्प्युटरमध्ये फक्त यूईएफआय असतं, जुनं बायॉस नसतंच, त्यामुळे त्यावर डॉस सरळ बूटही होत नाही. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम घेतच नाही. म्हणजे हा एक डबा गेला की मजबूत लोखंडाचं, चांगलं चालणारं मशीन मुकं होणार. मग नवीन मशीनचं कोटेशन, मग बजेट नाही, मग "या वर्षी रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून घ्या." कॉपी केलेल्या रीडिंगवर आपण इंजिनीअर होणार!

नुसती तक्रार करून थांबणं बरं नव्हे. म्हणून माझ्या चार मागण्या.

एक, भंगाराच्या यादीतून पाच-सहा चालू कॉम्प्युटर बाजूला काढा. दोन चालवायला, बाकीचे सुट्या भागांसाठी.

दोन, त्यावर फ्रीडॉस टाका. तो फुकट आहे आणि कायदेशीर आहे. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट डॉस सोडणार असं दिसल्यावर जिम हॉल नावाच्या अमेरिकेतल्या एका कॉलेज विद्यार्थ्याने हे काम सुरू केलं. १.० आवृत्ती यायला २००६ उजाडलं, आणि २०२५ मध्ये १.४ आली. 'डॉसवाला स्वस्त लॅपटॉप' म्हणून आपल्याकडे जे विकले जायचे त्यांतल्या अनेकांत हाच असायचा. मूळ एमएस-डॉसच्या जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोडही आता खुला आहे, ४.० चा २०२४ मध्ये आला. सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या तासाला याहून चांगलं वाचन कुठलं?

तीन, टेस्टिंग मशीनच्या हार्ड डिस्कची पूर्ण कॉपी या महिन्यात काढून दोन ठिकाणी ठेवा. जुनी डिस्क सांगून मरत नाही.

चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची. मामांना रिटायर होण्याआधी एक महिना दोन विद्यार्थी आणि एक वही द्या. सेल कुठला, जंपर कुठे, ऑटोएक्झेकमधली कुठली ओळ काढायची नाही, हे सगळं लिहून घ्या. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही, ते मामांच्या डोक्यात आहे आणि एका स्टिकरवर आहे. स्टिकरचा गोंद सुटायला आलाय.

सेंड-ऑफला आपण मामांना शाल देणार, श्रीफळ देणार, दोन भाषणं होणार. होऊ देत. पण मी मामांना विचारलं, तुम्हाला काय हवं? ते हसले आणि म्हणाले, "मी गेल्यावर हे मशीन चालू राहिलं तर बरं वाटेल बाळा."

वही मी आणली आहे, दोनशे पानी. पहिली तीन पानं भरली आहेत. दुसरा विद्यार्थी हवा आहे. ब्रँच कुठलीही चालेल. रोज दुपारी, चहानंतर, एसओएम लॅब.