सीमा बंद झाली, हमालाने काय खावे?

समझोता एक्सप्रेस २२ जुलै १९७६ रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. त्याच महिन्यात जोधपूरची थार एक्सप्रेसही बंद पडली. तिचा मुनाबाव-खोक्रापार मार्ग १९६५ च्या युद्धात तुटला होता. तो पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. टपाल बंधूंचा अनुभवही तोच. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने टपालाची देवाणघेवाण थांबवली. मे २०२५ मध्ये आपल्या सरकारने तिकडून येणारे टपाल व पार्सल घेणे बंद केले.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, देशाच्या सुरक्षेबाबत आमच्यात दुमत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत सहाजण महाराष्ट्रातले होते. २००७ साली समझोता एक्सप्रेसमध्येच बॉम्बस्फोट होऊन ६८ जण मेले. सीमेवरचा जवान कष्टकऱ्याचाच मुलगा आहे. बंदोबस्त कडक असलाच पाहिजे. परंतु त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारणे युनियनचे काम आहे.

अटारीची एकात्मिक तपासणी चौकी एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाली. पलीकडून आलेला ट्रक रिकामा करून माल आपल्या ट्रकमध्ये भरायचा, या कामावर हजारावर हमालांचे पोट चाले. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावले. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. उरला अफगाणिस्तानचा सुका मेवा. एप्रिल २०२५ मध्ये चौकी बंद झाली आणि तोही अडकला. ट्रकवाले, ढाबेवाले, हमाल सगळेच बसले. वाघ्यापलीकडच्या हमालाचेही तेच झाले. अफगाण बागायतदाराचे आपल्याशी भांडण नव्हते, तरी त्याची बाजारपेठ हातची गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाक-अफगाण चकमकींनंतर तोरखम आणि चमनची फाटकेही बंद झाली.

याची झळ आपल्या घरापर्यंत येते. बाळंतिणीच्या लाडवातली खारीक पूर्वी बरीचशी याच वाटेने येई. बंदी आली तरी मागणी संपत नाही. २०२५ मध्ये दुबईमार्गे आणलेली पाकिस्तानी खारीक न्हावाशेवा बंदरात जप्त झाली. व्यापाऱ्याला आडवाट सापडते; अटारीच्या हमालाला दुबईला जाऊन ओझे उचलता येत नाही.

आपल्यासारख्या कायम कामगाराची फार तर बदली होते, पगार चालू राहतो. हमालाची मजुरी फाटक बंद होते त्याच दिवशी थांबते. ठरावीक आकाराच्या कारखान्यात ले-ऑफ झालेल्या कामगाराला निम्मे वेतन मिळावे, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९५३ पासून आहे. मग सरकारच्याच हुकुमाने काम बंद झालेल्या हमालाला ते का लागू नसावे?

आमची मागणी साधी आहे. सीमा बंद करण्याचा हुकूम निघेल त्याच दिवशी तिथल्या नोंदणीकृत हमालांना व वाहतूक कामगारांना निर्वाहभत्ता जाहीर व्हावा. बंदी लांबली तर रेल्वेच्या मालधक्क्यांवर व गोदामांत त्यांना प्राधान्याने काम द्यावे. देशासाठी त्याग करायला कामगार कधीच मागे राहिला नाही. पण तो त्याग एकट्या हमालाच्या चुलीवरून वसूल होता कामा नये. सर्व शाखांनी पुढील सभेत या मागणीचा ठराव करून फेडरेशनकडे पाठवावा, ही विनंती.