थांबायचं कधी, तेही सांगा

फिट इंडिया मिशन, युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय, नवी दिल्ली यांस,



29 ऑगस्ट 2019 रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीला, तुमची मोहीम सुरू झाली तेव्हा मी साताऱ्यात शारीरिक शिक्षण शिकवत होते. आता निवृत्त आहे. सकाळी मैदानावर मुलींचा आणि बायकांचा एक गट पळवते. ‘फिटनेस का डोज, आधा घंटा रोज’ ही तुमची घोषणा मला पटते. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे हिशेब जुळतो. घोषणा लिहिली आहे ती खुर्चीतून न उठणाऱ्यांसाठी, आणि तशी माणसं देशात भरपूर आहेत. माझ्या मैदानावर मात्र थांबताच न येणारीही येतात. त्यांच्यासाठी तुमच्याकडे एक ओळ नाही.

सकाळी दहा किलोमीटर, संध्याकाळी जिममध्ये तासभर ट्रेडमिल, रात्री जेवल्यावर घरातल्या घरात येरझाऱ्या, कारण घड्याळातली पावलं पुरी झालेली नसतात. अंगात ताप असला तरी पळायचं. लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या तर दुसऱ्या दिवशी त्यांची वसुली. घरचे आणि ऑफिसातले म्हणतात, काय शिस्त आहे पोरीची! नडगी दुखते म्हणून तपासायला जावं तर हाडाला बारीक तडा. पाळीचं विचारावं तर ती कित्येक महिने आलेलीच नाही, आणि कटकट गेली म्हणून ही खूशच. अशा मुलीला मी महिनाभर पळू नकोस म्हटलं की ती हाडाबद्दल काही विचारत नाही. “बाई, वजन वाढलं तर?” एवढंच.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. खाणं कमी आणि खर्च जास्त असं फार दिवस चाललं की शरीर काटकसर करू लागतं: पाळी थांबवतं, हाडांची डागडुजी टाळतं, झोप आणि मूड बिघडतो. पुरुषही यातून सुटत नाहीत. त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं.

वजन वाढण्याच्या या भीतीचं उत्तर द्यायचं तर खरं द्यावं. व्यायाम कमी करून जेवण नीट सुरू झालं की वजनकाटा पुढे सरकतो, काही जणींचा दीड-दोन किलोनेही. पण त्यात पुष्कळसं पाणी असतं. स्नायूंत ग्लायकोजन परत साठतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. पहिल्या पंधरवड्यातच मुली घाबरून पुन्हा पळायला लागतात. दुसरं म्हणजे, व्यायाम दुप्पट केला म्हणून दिवसाचा एकूण खर्च दुप्पट होत नाही. टांझानियातले हाड्झा लोक शिकारीसाठी आणि कंदमुळांसाठी दिवसभर पायपीट करतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं की देहाचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च बैठ्या अमेरिकनांएवढाच निघतो. तेव्हा एक तास कमी केला की तेवढी सगळी चरबी अंगावर चढेल, हे गणित कच्चं आहे. आणि जिची पाळी थांबली आहे तिचं वजन बहुधा खरंच थोडं वाढेल. वाढायलाच हवं. हे गोड शब्दांत गुंडाळून सांगण्यात अर्थ नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीगीर विनेश फोगट 100 ग्रॅम जास्त वजनामुळे अपात्र ठरली. आदल्या रात्री तिने वजन उतरवायला किती घाम गाळला ते आपण सगळ्यांनी हळहळत वाचलं. तिच्यापुढे 50 किलोचा गट तरी होता. माझ्या मुलींना कोणी गट दिलेला नाही, कोणी तोलायलाही बसलेलं नाही, तरी त्या रोज काट्यावर चढतात. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद पठ्ठ्याच्या जोर-बैठकांएवढंच त्याच्या खुराकावर आणि दुपारच्या झोपेवर लक्ष ठेवतो. तुमच्या अॅपमध्ये पावलं मोजायची सोय आहे, ती राहू द्या. पण विश्रांतीचा दिवसही त्यात ठरलेलं काम म्हणून मोजा. पाळी तीन महिने आली नसेल तर व्यायाम कमी करून डॉक्टरांना भेटा, असं त्यात सांगा. व्यायाम कमी केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काट्यावर काय दिसेल, तेही आधीच लिहा.

हा मजकूर मराठीतही द्यावा. मुलगी चार दिवस मैदानावर गेली नाही की “सुटशील हो” म्हणणारी माणसं घरातलीच असतात. माझं ती ऐकत नाहीत, सरकारी शिक्का असला तर कदाचित ऐकतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा