गिरणीतच प्रयोग करू या : उमरखेडकरांना जाहीर आवाहन

उमरखेड शहरात आणि तालुक्यात पिठाची गिरणी, डाळमिल किंवा हळद-मिरचीचं कांडप चालवणाऱ्या सर्वांना विनंती आहे : वीज वाचवणारं यंत्र बाहेरून आणण्याआधी एक हंगाम आपल्याच गिरणीची प्रयोगशाळा करा. युरोपात अशा जागांना ‘लिव्हिंग लॅब’ म्हणतात आणि त्यांचं जाळं २००६ पासून आहे. नाव भारदस्त, पण गोष्ट साधी : वस्तू जो रोज वापरतो, त्याच्याच जागेवर आणि त्याला विचारून ती सुधारायची. आपल्याकडे ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ या महाराष्ट्रातल्या कंपनीने उन्हावर चालणारी वाळवणयंत्रं गावातल्या महिलांच्या हाती दिली आणि २०२३ मध्ये तिला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. ऊन किती तापतं हे अभियंता सांगेल. पण काप केवढे करायचे, ते कधी उलटायचे, हे वाळवणारीलाच ठाऊक.

गिरणीचंही तसंच. दहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने तासाला किमान साडेसात युनिट खाते. दिवसाला सहा तास धरले तर पंचेचाळीस. त्यातला दहावा हिस्सा जरी वाचला, तरी तीनशे दिवसांत साडेतेराशे युनिट होतात. हा हिस्सा मुरतो कुठे? ढिल्या पट्ट्यात, बोथट दगडांत, रिवाइंडिंगच्या वेळी घातलेल्या बारीक तारेत आणि पुढचं दळण येईपर्यंत रिकाम्या फिरणाऱ्या मोटरीत. हे मीटरवर वेगवेगळं दिसत नाही. म्हणून मोटरीला वेगळा सबमीटर लावा, वही ठेवा, रोज किती क्विंटल दळलं आणि किती युनिट गेले ते लिहा. मग एका वेळी एकच बदल करा. दोन-तीन एकदम केले, तर श्रेय कशाला द्यायचं ते कळणार नाही.

वहीतले आकडे इतर गिरण्यांशी ताडूनही पाहायचे आहेत. ‘शेजारच्या गिरणीवाल्याला आमचं गणित कशाला?’ ही शंका रास्त आहे. पण गिऱ्हाईक, दर, उधारी यांतलं काहीच उघड करायचं नाही. क्विंटलमागे किती युनिट, एवढाच आकडा सांगायचा. ‘व्होल्टेजच कमी असतं, त्याला आम्ही काय करणार?’ असंही कुणी म्हणेल. तेही खरं. मात्र महावितरणकडे जाताना तोंडी तक्रारीपेक्षा तारीख-वेळेसह भरलेली वही हातात असलेली बरी. अनुदानाची वाट मात्र पाहू नका. पट्टा ताणायला अर्ज लागत नाही.

पहिल्या फेरीला तीन गिरण्या पुरेत, आणि वाइंडिंगवाल्यांनीही त्यात यावं. दळण आणणाऱ्यांनी एवढंच करावं : डब्यातल्या पिठाचा हाताला चटका बसला, तर तसं वहीत लिहायला लावावं. दगड जास्त आवळले गेल्याची पहिली खबर तिथूनच मिळते.