गाडीत गाणं कुणाचं?

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी निघायची गडबड सुरू होते. दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या, आजीच्या गोळ्यांची डबी, सगळं आपण आठवणीनं घेतो. पण गाडीत चार-पाच तास ऐकायचं काय, याचा विचार आधी कोणी करत नाही. मग चाकण येईपर्यंत भांडण ठरलेलं! ह्यांना नाट्यगीतं हवीत, मुलाला त्याचा धांगडधिंगा, मुलगी कानात इअरफोन खुपसून खिडकीकडे तोंड करून बसते. आणि आपण? "तुला काय हवं?" असं आपल्याला कोणी विचारत नाही हे खरं, पण "मला काय, काहीही चालेल" असं म्हणायची सवयही आपलीच ना?

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही पुण्याहून ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरी करायला निघालो. आदल्या रात्री मी एक वही घेतली आणि पाचही जणांकडून सहा-सहा गाणी मागितली. मुलाने ती मोबाइलमध्ये उतरवून ठेवली. (हे घरीच करा हं. डोंगराच्या आडोशाला रेंज जाते नि गाणं मध्येच तुटलं की चिडचिड होते.) नियम असे, की पाळीपाळीने एकेकाचं गाणं लागेल, दुसऱ्याच्या गाण्याला नाक मुरडायचं नाही आणि कानात काही घालायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "माझं कशाला गं? देवाचं लाव एखादं." मी दोन अभंग लिहून टाकले.

मंचर मागे पडलं, कळंब आलं. हे सासूबाईंचं माहेर. पुढे नारायणगावात रस्त्याकडेला राहुट्या दिसल्या. मुलगी म्हणाली, "आजी, सर्कस आलीये का गं?"

सर्कस कसली! तमाशाच्या फडांच्या राहुट्या त्या. पाडव्याच्या सुमारास त्या लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. ह्यांनी आवाज कमी केला, कारण सासूबाई बोलायला लागल्या होत्या. त्यांच्या लहानपणी यात्रेत भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड यायचा. बाप्ये नि पोरं रात्रभर तमाशाला; बायकांनी नि मुलींनी घरात दार लावून निजायचं. "निजतंय कोण? गोधडीत पडून ऐकायचो आम्ही. ओढ्यापलीकडून ढोलकी यायची. विठाबाईचा आवाज बरोबर ओळखायचो. तोंड मात्र कधी बघितलं नाही."

आणि त्यांनी एक गौळण म्हटली. अख्खी, एक शब्द न चुकता. लग्नाला वीस वर्षं झाली माझ्या, त्यांच्या तोंडून आरतीखेरीज काही ऐकलं नव्हतं. ह्यांनीही नाही!

विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. मुलाने मोबाइलवर त्यांची जुनी ध्वनिफीत शोधून काढली. मला वाटलं, सासूबाई लाजतील. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं लाव रे."

दुसऱ्या दिवशी खोडदची रेडिओ दुर्बीण लांबून पाहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही एकत्र, काही कोसन् कोस दूर, आणि साऱ्या मिळून आकाशातल्या क्षीण लहरी टिपतात. आपल्या मोबाइलचासुद्धा तिला अडथळा होतो, म्हणून त्या आवारात तो बंद ठेवायला सांगतात. आम्ही गाडीतच बंद केले. मग काय, भेंड्या! एरवी 'बोअर' म्हणणारी मुलगी 'ळ'साठी आजीशी हुज्जत घालत होती.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही पुढे माळशेजला जाणार असाल, तर घाटात गाणी बंदच ठेवा. वळणावर समोरच्या गाडीचा हॉर्न चालवणाऱ्याला ऐकू यायला हवा. आणि कुणाला गाडी लागत असेल, तर ठेका धरणारी गाणी नकोत. हळू आवाजातलं काहीतरी नि आवळासुपारी द्या.

परत आल्यावर वही सासूबाईंनी मागून घेतली. अभंगांखाली थरथरत्या अक्षरात चार गौळणी आल्या आहेत. माझ्या नावापुढे मात्र सहापैकी तीनच गाणी आहेत. बाकीची मला अजून आठवायची आहेत.