पिशवीपलीकडे



बाईला थकवा आला, अंगावरून जास्त जाऊ लागले, की उत्तर तयारच असते : ‘पिशवीचा त्रास.’ पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण तो सापडला म्हणून शोध तिथेच थांबवायचा का?

एकाच बाईला गर्भाशयाचा आणि रक्ताचा, असे दोन स्वतंत्र कॅन्सर असू शकतात. असे क्वचित घडते, पण घडते. उतारवयातला एक संथ रक्ताचा कॅन्सर (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) वर्षानुवर्षे त्रासही देत नाही. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच तो कळला, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या ग्रंथी नुसत्या सुजलेल्या पाहून ‘पिशवीचा कॅन्सर पसरला’ असे ठरवले तर? आजाराची पायरी चुकते आणि नको इतके जालीम उपचार बाईच्या वाट्याला येतात. या संथ कॅन्सरवर तर सुरुवातीला पुष्कळदा नुसते लक्ष ठेवणे पुरते.

उलटेही होते. तीव्र ल्युकेमियात प्लेटलेट घटतात आणि पाळीत अतोनात रक्त जाते. दुखणे रक्तात, आणि बोट मात्र पिशवीकडे.

आपल्याकडे पिशवीकडे बोट दाखवणे किती सोपे आहे, हे बीडने दाखवले. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. थकव्याचे तर कुणाला नवलच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. मग लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि पुढची बाई बोलवायची.

खरे तर हिमोग्लोबिन ज्या कागदावर येते, त्याच कागदावर बहुधा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचे आकडेही असतात. ते बाईला कोण वाचून दाखवते? केमोथेरपी किंवा रेडिएशननंतर काही वर्षांनी थोड्या जणींना रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, हेही तिला सांगायला हवे. उपचार टाळावेत म्हणून नव्हे, तर पुढची रक्ततपासणी चुकू नये म्हणून.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले जुने कागद आणावेत. पिशवी काढली असेल तर ती तपासायला पाठवली होती का, आणि तो अहवाल कुठे आहे, हे दवाखान्यात जाऊन विचारू. एकटीने नको, चौघी मिळून.