‘बास’ म्हणायला शिकले पाहिजे

माशाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे दोन मिनिटांत तव्यावर येते. डोळा पाहून, कल्ला उचलून मासा ताजा की शिळा हे सांगणारी माणसे घरोघर आहेत. पण तोच मासा जिवंतपणी कसा वळतो, कुठे विसावतो, माणूस समोर आला तर काय करतो, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. माशाशी आपली ओळख होते तीच मुळी त्याच्या मृत्यूनंतर! इतक्या जुन्या शेजाऱ्याशी असे नाते असावे, हे मला कमीपणाचे वाटते.

या संदर्भात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रातील ‘जायंट सी बास’ या माशाची कथा लक्षात घेण्यासारखी आहे. दोन मीटरहून अधिक लांबी आणि अडीचशे किलोंपर्यंत वजन असा हा महामत्स्य. तो वयात येण्यासच दहा-बारा वर्षे लागतात, आणि सत्तरी ओलांडलेला मासाही अभ्यासकांना आढळला आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचा! उन्हाळ्यात कॅटलिना बेटाभोवती, केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाच्या रानात, हे मासे जमतात. पाणबुडे सांगतात, की तो माणसाला पाहून पळत नाही. पुष्कळदा हवेत लोंबकळावे तसा पाण्यात स्थिर राहतो, सावकाश वळतो आणि आपल्यालाच न्याहाळतो.

हाच भिडस्तपणा त्याच्या मुळावर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी गळाला लागलेला अवाढव्य मासा उलटा टांगून शेजारी उभे राहायचे आणि छायाचित्र काढून घ्यायचे, ही तेथील हौशी शिकाऱ्यांची रीत होती. जाळ्यांनी आणि पुढे पाण्याखालच्या भालेकऱ्यांनी उरलेले काम केले. अखेर १९८२ साली कॅलिफोर्नियाने त्याच्या शिकारीवर बंदी घातली. जाळ्यात चुकून अडकलेला एखादा मासा विकण्याची सवलत मात्र धंदेवाईक मच्छीमारांना राहिली. १९९० साली मतदारांनी कौल दिला आणि १९९४ पासून किनाऱ्यालगतची गिल जाळीही बंद झाली. १९९६ साली हा मासा जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आता पाणबुड्यांना तो पुन्हा दिसू लागला आहे. त्याच्या अंगावरील काळ्या ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून पाणबुड्यांनी काढलेल्या छायाचित्रांवरून सांता बार्बरा येथील विद्यापीठाचे संशोधक एकेक मासा ओळखू लागले आहेत. छायाचित्र तेव्हाही होते, आताही आहे. पण पहिल्यात माणसाचा पराक्रम दिसतो, दुसऱ्यात मासा दिसतो. माझ्या मते सुधारणा म्हणतात ती हीच.

आता एक हिशेब सांगतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, हा मासा जिवंत पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील पाणबुडे जे मोल द्यायला तयार आहेत ते वर्षाला सुमारे २३ लाख डॉलर होते. मासळी म्हणून त्याचे सरासरी उत्पन्न अवघे १२,६०० डॉलर. आकडे बोलके आहेत. कायदेमंडळात ते उपयोगी पडतील, यात शंका नाही. तरीही मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. उद्या पाणबुड्यांची हौस ओसरली तर मासा पुन्हा तराजूत टाकायचा काय? शिवाय, पाहणाऱ्याचा पैसा जातो नौकामालकाकडे आणि हॉटेलवाल्याकडे. जाळे गुंडाळावे लागते ते मच्छीमाराला. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा गेला, म्हणून निसर्ग वाचला असे होत नाही.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नाही. ज्याला इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणतात तो आपला खारेपाटातला जिताडा. आणि खडकाच्या कपारीत राहणारा गोबरा हा कोकणच्या सर्व मासळीबाजारांत परिचित. या दोघांचे जीवन विलक्षण आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. गोबऱ्याच्या बहुतेक जातींत याच्या उलट: आधी मादी, मग नर. तात्पर्य, मोठा मासा म्हणजे नुसता वाढलेला लहान मासा नव्हे. सगळे मोठे जिताडे काढून नेले तर अंडी घालणार कोण? सगळे मोठे गोबरे नेले तर ती फळणार कशी? नेमका मोठाच मासा हवा, हा आपला हट्ट सबंध कुळावर घाव घालतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मी स्नॉर्केल लावून पाण्यात पाहिले आहे. पाण्याखाली चष्म्यातून वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे आकाराविषयी बोलत नाही. एवढेच सांगतो, की वर पावाचे तुकडे पडत होते आणि पट्टेरी छोट्या माशांची झुंबड उडाली होती. खाली कपारीत एक गोबरा कल्ले हलवीत निश्चल होता. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. पाव टाकून जमवलेली गर्दी म्हणजे समुद्र नव्हे. पोळाव्यावर पाय ठेवून उभे राहणे, माशाला हात लावायला धावणे, हे पाहणे नव्हे. ती शिकारीचीच धाकटी बहीण आहे. पाहायचे तर स्थिर राहावे लागते, आणि मोठा मासा स्थिर माणसालाच दर्शन देतो.

१९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. त्यांना अडाणी ठरवण्याची घाई आपण शहरी सुशिक्षितांनी करू नये. पोटावर पाय आणणारे संरक्षण टिकत नाही. समुद्राखालचा कोणता खडक कुठे आहे आणि तेथे कोणता मासा वस्तीला आहे, हे रापणकरांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना समुद्र दाखवण्याचे काम आणि त्याची मिळकत प्रथम त्यांची असली पाहिजे. मग कोणता मासा सोडायचा हे ते आपल्याहून नीट ठरवतील.

आपण कला शाखेचे लोक; आपले काय काम, असे कोणी म्हणेल. आपले काम भाषेचे आहे. कोळ्यांच्या आणि गाबितांच्या बोलीत माशांची, त्यांच्या चालींची, पाण्याच्या रंगांची जी नावे आहेत ती किती कोशांत उतरली आहेत? पुढील वर्षीची सहल मालवणला न्यावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. पाव न्यायचा नाही, वही न्यायची. सकाळी पाण्यात पाहावे, संध्याकाळी जुन्या मच्छीमारांपाशी बसून नावे टिपावीत. आणि जेवताना ताटात मोठा गोबरा आलाच, तर मराठीतला एक जुना, सोपा शब्द आठवावा: बास!