गोळ्या बंद करण्याचा निर्णय कुठे व्हावा?

मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही, हे सांगणारी व्याख्यानं आणि लेख गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाले. त्यांचा उपयोगही झाला. मात्र हा सगळा आग्रह दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबतो. चिठ्ठी हातात घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचं पुढच्या सहा महिन्यांत काय होतं, याची चौकशी कोणी करत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. या उपचारांविना राहिलेल्यांत दवाखान्याची पायरी कधीच न चढलेले असतात, तसे चढून परत फिरलेलेही असतात. गोळी सुरू करणं जसं उपचारात मोडतं, तसंच ती थांबवणंही मोडतं, आणि तो निर्णय डॉक्टरांसमोर बसूनच व्हायला हवा. आज तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, कपाटाआड, कोणाला न सांगता होतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

हे असं का होतं, ते औषधांच्या स्वभावातच दिसतं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा त्रास पहिल्याच आठवड्यात जाणवतो: मळमळ, डोकं जड होणं, अस्वस्थपणा. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, पुरता यायला त्याहून जास्त वेळ लागतो. हे आधी कोणी नीट सांगितलं नसेल, तर दहाव्या दिवशी ‘या गोळ्या मला सोसत नाहीत’ असं म्हणून पाकीट बाजूला पडतं. जे टिकून राहतात, त्यांच्यापुढे दुसरा मोह तीन-चार महिन्यांनी उभा राहतो. झोप लागते, भूक लागते, कामात लक्ष लागतं. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘आता बरं वाटतंय ना, मग कशाला घेतोस?’ बरं वाटल्यानंतरही काही महिने औषध चालू ठेवायचं असतं, कारण आजार उलटण्याचा धोका त्याच काळात मोठा असतो. स्किझोफ्रेनियाबद्दलचा पुरावा तर फारच स्पष्ट आहे. ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्क्यांचा आजार उलटला; औषधाऐवजी निर्गुण गोळी दिलेल्यांत हेच प्रमाण ६४ टक्के होतं.

आपल्याकडे औषध बंद होण्याचा एक खास मुहूर्त असतो, तो म्हणजे लग्न. मुलीचं स्थळ पाहायला सुरुवात झाली की गोळ्यांचं पाकीट आधी कपाटात मागे सरकतं, मग चिठ्ठ्यांची फाईल मामाच्या घरी जाते आणि साखरपुड्यापर्यंत डोस ‘निम्मा’ झालेला असतो, तोही घरच्यांनीच ठरवलेला. त्यापुढचे पंधरा दिवस जागरणाचे, पाहुण्यांचे, प्रवासाचे. बायपोलर आजारात झोपमोड हेच उन्माद उसळण्याचं मोठं कारण असतं. नव्या घरी सगळ्यांच्या देखत गोळी घेता येत नाही, म्हणून ती पूर्णच सुटते. काही आठवड्यांत आजार उसळला की सासरच्यांना आपली फसवणूक झाली असं वाटतं, माहेरचे म्हणतात लग्नामुळे झालं, आणि मुलगी दोन्हीकडून दोषी ठरते. मुलाच्या बाबतीत ‘लग्न केलं की ताळ्यावर येईल’ हा त्याच लपवाछपवीचा दुसरा प्रकार आहे. आजार सांगितला तर लग्नच मोडेल, ही आईवडिलांची भीती खोटी नाही, पण लपवल्याने धोका वाढतो. हिंदू विवाह कायद्यात फसवून मिळवलेली संमती हा विवाह रद्द करून मागण्याचा आधार होऊ शकतो. उलट, नुसतं निदान हे घटस्फोटाला पुरेसं कारण नाही. आजाराचं स्वरूप आणि तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता खटल्यात १९८८ मध्येच सांगितलं आहे. शिवाय सोडियम व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला अपायकारक असतं. ते वेळेवर बदलायचं, तर लग्नाचा आणि मुलाचा विचार डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवा.

‘या गोळ्यांची सवय लागते’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण ते सगळ्या औषधांना सारखं लागू नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर सवय लागते. जुनी चिठ्ठी दाखवून त्या वर्षानुवर्षं आणत राहणं चुकीचंच आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा प्रकार वेगळा. त्यांची तलफ येत नाही, मात्र एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात झटका बसल्यासारखं होणं असा त्रास होऊ शकतो. लोक त्यालाच व्यसन समजतात किंवा आजार परतला असं मानतात. डोस हळूहळू उतरवला तर हा त्रास पुष्कळ टळतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मेंदूत सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येतं, या सिद्धान्ताला ठोस आधार सापडत नाही, असं लंडनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलं. ते खरं मानलं तरी औषध कसं काम करतं आणि ते काम करतं का, हे दोन वेगळे प्रश्न राहतात. लिथियमचा उन्मादावरचा गुण ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदवला. त्याची नेमकी क्रिया आजही पुरती उलगडलेली नाही, तरी बायपोलर आजारात ते आजही पहिल्या फळीत आहे. नैराश्यावरच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्या २०१८ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा सगळी औषधं निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक मध्यमच होता. म्हणून सौम्य नैराश्यात आधी समुपदेशन करून पाहणं योग्य, आणि पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांचं बारीक लक्ष हवं, कारण त्या वयात काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

आणि ‘जन्मभर घ्याव्या लागतात’ याचं काय? काहींना घ्याव्या लागतात, अनेकांना लागत नाहीत. नैराश्यावरची गोळी दीर्घकाळ घेऊन बऱ्या असलेल्या लोकांचा एक अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. निम्म्यांची गोळी टप्प्याटप्प्याने थांबवली. वर्षभरात त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांचा आजार उलटला, तर गोळी चालू ठेवलेल्यांतही ३९ टक्क्यांचा उलटला. म्हणजे थांबवणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक त्या वर्षात गोळीविना नीट राहिले. आपण त्यांतले आहोत का, हे कोणालाही एकट्याने ओळखता येत नाही. पूर्वी किती वेळा आजार उलटला, किती तीव्र होता, घरात कोण लक्ष ठेवणार आहे, हे सगळं त्यासाठी मांडावं लागतं.

शेतकऱ्याच्या दुःखावर गोळी कशाला, कर्ज माफ करा, असंही म्हटलं जातं. २०२२ मध्ये देशात नोंद झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. नापिकी आणि सावकारी यांवर गोळीचा इलाज नाही, यात वादच नाही. पण रात्ररात्र झोप नसलेला, जगण्यातून मन उडालेला माणूस बँकेच्या रांगेत उभा राहू शकत नाही, पीकविम्याचा अर्जही भरू शकत नाही. दोन्ही मदती एकाच वेळी लागतात. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प दीड वर्ष चालला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी बोलायचं, गरजेनुसार समुपदेशकाकडे आणि मग मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, अशी ती रचना होती. नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ओळखीचं माणूस दारात येऊन विचारतं तेव्हा लोक बोलतात, आणि गोळी सुटली तर तेही त्यालाच आधी सांगतील.

रुग्णांना नुसतं समजावून हे साधणार नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली जाते, तेव्हा गोळी कधी लागू पडेल, काय त्रास होईल, साधारण किती महिने घ्यायची, यांतलं काहीच सांगितलं जात नाही. हे तीन मुद्दे मराठीत चिठ्ठीच्याच मागे लिहिण्याचा नियम प्रत्येक सरकारी रुग्णालयाने करावा. त्याला वेगळं अनुदान लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. त्यात ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णाला फोन करण्याचं काम एका माणसाकडे नेमून द्यावं. तालुक्याला लिथियम किंवा रिस्पेरिडोन संपलं, तर रुग्ण शंभर किलोमीटर जाऊन ते आणणार नाही, तो गोळी सोडेल. म्हणून या औषधांचा साठा कमी पडल्याची नोंद साथीच्या रोगाइतक्या तातडीने वर कळवली जावी. आणि ज्यांना आज रात्रीच गोळी थांबवावीशी वाटते आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. तो मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.